स्वतःच्या वावरातला साग विकताना

मालकीच्या जमिनीतला साग तोडायला काय काय करावं लागतं हे नात्यातले, गावातले बरेच जण विचारतात, आणि प्रत्येकाला फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून काढतो. आमचं वावर सातपुड्याच्या पायथ्याला आहे, जळगाव जिल्ह्यात, तालुक्याचं नाव मुद्दाम घेत नाही कारण मला कुणा एका ऑफिसबद्दल तक्रार करायची नाहीये, मला जे जाणवलं ते नियमांबद्दल आहे आणि ते धुळ्याला, नंदुरबारला पण तसंच आहे असं तिकडच्या शेतकऱ्यांशी बोलून कळलं.

खालची काळी जमीन केळी आणि कपाशीची. वरचा तुकडा बरड, मुरमाड, पावसाळा संपला की तिथे काहीच येत नाही. आबांनी १९९४ साली त्या बरडावर साग लावला, तेव्हा सागाची फार हवा होती, वीस वर्षात लाखो रुपये वगैरे जाहिराती यायच्या, पण आबांचं गणित साधं होतं की जिथे ज्वारी पण धड होत नाही तिथे निदान झाड तरी उभं राहील. दोन बाय दोन मीटरवर लावला, म्हणजे एकरी हजाराच्या आसपास रोपं. सुरुवातीची तीन वर्षं आई आणि आबांनी डोक्यावर हंडे वाहून पाणी घातलंय त्याला. बांधावर आधीपासून अंजनाची जुनी झाडं होती, आजोबांच्या काळातली, दुष्काळात त्याचा पाला तोडून गुरं जगवलीत लोकांनी, आणि लाकूड असं जड की पूर्वी बैलगाडीच्या आसाला आणि शेतीच्या अवजारांना त्याच्याशिवाय चालायचं नाही. ते तोडायचा प्रश्नच नव्हता.

मागच्या वर्षी मुलीची इंजिनीअरिंगची ॲडमिशन आली, बोअर पण आटला, म्हणून सागाचा अर्धा प्लॉट काढायचं ठरलं. माझे चुलतभाऊ लगेच म्हणाले, व्यापाऱ्याला उक्तं देऊन टाक, कागद तोच करतो. आमच्याकडे शंभरातले नव्वद शेतकरी असंच करतात. व्यापारी येतो, उभ्या झाडांवर नजर टाकतो, एक आकडा सांगतो, आणि त्या आकड्यात परवानगीचा सगळा त्रास त्याने आधीच कापून घेतलेला असतो. त्याने सांगितलेला भाव आणि वखारीतला भाव यात इतकं अंतर होतं की मी म्हटलं कागद मीच करीन. आबा थोडे घाबरले होते, ते म्हणाले वनखात्याच्या भानगडीत पडू नको रे भाऊ. आई मात्र वैतागून अहिराणीत म्हणाली, इतला कष्ट करीसन झाडे मोठा करात, नि आते तोडाले लोकेसले इचारनं पडस का?

तर हो, विचारावं लागतं. १९६४ चा महाराष्ट्राचा वृक्षतोड कायदा आहे, त्याच्या यादीत सोळा झाडं आहेत. साग, हिरडा, मोह, चिंच, आंबा, फणस, खैर, चंदन, बिजा, हळदू, तिवस, ऐन, किंजळ, अंजन, जांभूळ आणि खारफुटी. यातलं कुठलंही झाड तुमच्या सातबाऱ्यावरच्या जमिनीत असलं तरी वृक्ष अधिकाऱ्याच्या आधीच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही. जमीन महसूल संहितेप्रमाणे खातेदाराच्या जमिनीतल्या झाडांवर हक्क खातेदाराचाच आहे, त्यात वाद नाही, पण तोडणं आणि नेणं या दोन गोष्टी वेगळ्या, आणि दोन्हीला वेगळी परवानगी. हे आधी डोक्यात घ्या, कारण मला भेटलेले निम्मे लोक तोडायची परवानगी मिळाली की काम झालं समजतात आणि मग माल खळ्यात पडून राहतो.

कायदा वाचला तर तो तितका वाईट पण नाही बरं का. झाड वाळलं, रोगट झालं, वाऱ्याने पडलं, घरावर पडायची भीती आहे, किंवा पूर्ण वाढून तोडणीला आलंय आणि तीव्र उतारावर नाही, तर परवानगी नाकारू नये असंच त्यात लिहिलंय. खेड्यातल्या माणसाला जळण, चारा, अवजारं याच्यासाठी लागलं तर तेही धरलंय. त्रास कायद्याच्या ओळीत कमी आणि त्या ओळीपर्यंत पोचायला जे सिद्ध करावं लागतं त्यात जास्त आहे.

पहिलं सिद्ध करायचं म्हणजे झाडं आहेत. सातबाऱ्यावर, म्हणजे गाव नमुना बारावर, सागाची नोंद पाहिजे. आमच्याकडे कित्येक वर्षं त्या जागेवर 'पडीक' इतकंच लिहिलेलं होतं. आबांनी लावला तेव्हा तलाठ्याला सांगितलं होतं, पण नोंद झाली नाही आणि कुणी परत विचारलं पण नाही, कारण त्या काळात त्या नोंदीने काही अडत नव्हतं. आता २०२१ पासून ई-पीक पाहणीचं ॲप आलंय, त्यात बांधावरची झाडं, कायम पड वगैरे आपण स्वतः फोटोसकट टाकू शकतो, तर मी ते टाकलं, मग तलाठी आप्पांनी (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण गावात आप्पाच) जागेवर येऊन पंचनामा केला, पंचांच्या सह्या घेतल्या, आणि मग नोंद लागली. आप्पा भला माणूस होता, त्याने काही मागितलं नाही, पण त्याच्याकडे चार गावं आणि त्यात अतिवृष्टीचे पंचनामे, त्यामुळे थांबावं लागलं.

दुसरं म्हणजे जमीन तुमचीच आहे आणि ती वन नाही. इथे खरा घाम निघतो.

आमच्या गटाला लागून राखीव जंगलाची हद्द आहे. त्यामुळे भूमी अभिलेखकडून मोजणी करून क प्रत (मोजणीचा नकाशा) आणा, वनखात्याचा सर्व्हेअर पण हजर पाहिजे, दोघांची तारीख एकत्र जुळली पाहिजे. मोजणीवाले आले तेव्हा वनखात्याचे आले नाहीत, ते आले तेव्हा मोजणीवाल्याची मशीन दुसऱ्या गावाला. शेवटी जमलं, आणि हद्दीची दगडं आमच्याच बाजूने बरोबर निघाली, म्हणजे एक पण झाड जंगलात नव्हतं.

मग जमीन खाजगी वनात नाही याचा दाखला. हे जरा सविस्तर सांगतो कारण यात आमच्या भागातली बरीच कुटुंबं अडकलीयेत आणि त्यांना माहितीच नसतं. १९२७ चा भारतीय वन कायदा, त्याच्या कलम ३५ खाली पूर्वी मुंबई राज्यात खाजगी जमिनीवरच्या जंगलमालकांना नोटिसा निघायच्या, कलम ३५ पोटकलम ३ च्या. कित्येक नोटिसा साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या. नोटीस निघाली, पुढे चौकशी झाली नाही, शेवटचा आदेश नाही, काही वेळा तर मालकाच्या हातात नोटीस पडलीच नाही. मग १९७५ चा खाजगी वने संपादन कायदा आला आणि ३० ऑगस्ट १९७५ या एका तारखेला राज्यातली सगळी खाजगी वनं सरकारजमा धरली गेली. ज्याच्या नावाने कधीतरी एक नोटीस निघाली होती त्याची जमीन पण त्यात धरली जाऊ लागली. लोक कसतायत, विकतायत, कर्ज काढतायत, आणि तीस वर्षांनी कुणीतरी फाईल उघडतं आणि सातबाऱ्याच्या इतर हक्कात खाजगी वनाचा शिक्का बसतो. शेवटी गोदरेज अँड बॉयसच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१४ मध्ये सांगितलं की नुसती नोटीस काढून ठेवणं पुरेसं नाही, ती बजावली पाहिजे, मालकाला म्हणणं मांडायची संधी पाहिजे, आणि अनेक दशकं धूळ खात पडलेल्या नोटिशीवर जमीन वन ठरवता येत नाही. ती केस मुंबईच्या जमिनीची होती आणि मोठ्या कंपनीने लढली. आमच्या शेजारच्या गटातल्या म्हाताऱ्या नानांकडे दिल्लीपर्यंत जायची ताकद कुठून येणार? त्यांच्या सातबाऱ्यावर अजून तो शेरा आहे. त्या कायद्यात छोट्या मालकांना, ज्यांची एकूण जमीन बारा हेक्टरच्या आत होती त्यांना जमीन परत करायची तरतूद आणली होती, पण त्यासाठी मुदतीत अर्ज करायचा होता आणि नानांच्या वडिलांना तो कायदा आलाय हेच कुणी सांगितलं नाही. नानांच्या बांधावरचा साग आमच्यापेक्षा जाड आहे, पण त्यांना त्याला हात लावता येत नाही.

आमच्या गटाचं सुदैवाने स्वच्छ निघालं. पण स्वच्छ आहे हे कळायला १९५० पासूनचे फेरफार (जमिनीच्या हक्कातल्या बदलांच्या नोंदी) काढावे लागले, त्यातले काही मोडी लिपीत, काही पानं वाळवीने खाल्लेली. रेकॉर्ड रूममधल्या बाईंनी खूप मदत केली, त्यांनी स्वतः गठ्ठे उतरवून दिले. मला जो प्रश्न तिथे उभ्या उभ्या पडला तो अजून पडतो, की कोणत्या गटाला नोटीस निघाली होती याची यादी सरकारकडेच आहे, मग ती गावनिहाय ऑनलाइन का टाकत नाहीत. प्रत्येक शेतकऱ्याने आपलं निर्दोषत्व जुन्या कागदातून खणून का काढायचं?

यानंतर अर्ज रेंज ऑफिसला. सातबारा, आठ अ (खात्याचा उतारा), क प्रत, गटाचा नकाशा, फेरफार, महसूलचा मालकीचा दाखला, सगळ्या खातेदारांचं संमतीपत्र. माझ्या दोन आत्यांची नावं वारसाने लागलेली आहेत, एक सुरतला एक इंदूरला, दोघींच्या सह्या आणल्या. ज्यांच्याकडे वाटण्या झालेल्या नाहीत त्यांनी हे काम आधी सुरू करा.

मग गार्ड आणि वनपाल येऊन झाडं मोजतात. छातीच्या उंचीवर घेर घेतात, प्रत्येक झाडावर रंगाने नंबर टाकतात, यादी करतात. दोघंही तरुण पोरं होती, त्यातला एक अमळनेरकडचा, दिवसभर आमच्यासोबत उन्हात फिरला. जेवायला बसलो तेव्हा तो म्हणाला, काका, तुम्हाला वाटतं आम्ही अडवतो, पण यावल अभयारण्याच्या बाजूने, वरच्या एमपीच्या हद्दीकडून रात्री साग जातो, आणि तो कायदेशीर कसा होतो माहितीये का, कुणाच्या तरी मालकीच्या झाडांच्या वाहतूक पासवर. पन्नास झाडांची परवानगी काढायची, तीस स्वतःची तोडायची, बाकी जंगलातला माल त्याच नंबरवर घालायचा. एका गार्डकडे किती मोठी बीट (राखायचा भाग) आणि हातात काठी. मला हे ऐकून वाईट वाटलं आणि पटलं पण. सागचोरी खोटी नाही, आमच्याच डोंगरावर लहानपणी जे झाड मिठीत मावत नव्हतं तिथे आता नुसती बुंधं आहेत. म्हणून नियमच नको असं मी कधीच म्हणणार नाही.

पण बघा, तो सगळा संशय झाड तोडायच्या वेळी शेतकऱ्याच्या अंगावर येतो. झाड लावलं तेव्हा कुणी आलं नाही, वाढवलं तेव्हा कुणी आलं नाही. मधल्या काळात विरळणी करायची असते, सागात पाचव्या-सातव्या वर्षी आणि पुढे परत, कमजोर झाडं काढली तर बाकीची भरतात. आबांनी ती केली नाही कारण तेव्हाही मनगटाएवढ्या झाडाला तीच परवानगी, तेच कागद, आणि त्या बारक्या वाशांचे पैसे कागदाच्या खर्चाला पण पुरले नसते. परिणाम असा की दोन बाय दोनवर सगळी झाडं तशीच दाटीत राहिली, उंच झाली, जाड झाली नाहीत. वखारवाल्याने बुंधा कापून दाखवला, बाहेरचा पांढरा भाग किती आणि आतला पक्का गाभा किती, आणि भाव गाभ्याचा. तीस वर्षांच्या कष्टाचं निम्मं मोल तिथे गेलं. जंगलखाते स्वतः साग साठ-ऐंशी वर्षं ठेवतं आणि मध्ये नियमाने विरळणी करतं, ते शास्त्र शेतकऱ्याला वापरू द्यायला नको का?

परवानगी आली, नाल्याच्या काठची झाडं सोडून. ती अट मला बरोबर वाटली, काठ ढासळतो. तोडलेल्या झाडांच्या बदल्यात नवीन लावायची अट पण होती, ती तर आम्ही सांगितलं नसतं तरी केली असती.

तोडणी झाली की माल खळ्यात लावायचा, प्रत्येक नगावर नंबर आणि हातोड्याची निशाणी, लांबी-घेराची यादी परत, आणि मग वाहतूक पास. पासवर गाडी नंबर, रस्ता, तारीख. आमची पहिली गाडी निघायच्या आदल्या रात्री बिघडली, दुसरी गाडी मिळाली पण नंबर वेगळा, म्हणून पास परत करून घेतला आणि तोवर शनिवार-रविवार आला. नाक्यावर व्यवस्थित तपासून सोडलं. आरागिरणी पण परवान्याचीच लागते, सुप्रीम कोर्टाच्या २००२ च्या आदेशापासून नव्या गिरण्यांवर फार बंधनं आहेत, त्यामुळे जवळपास पर्याय कमी आणि गिरणीवाला जे म्हणेल ते. बुऱ्हाणपूर आम्हाला जवळ, तिथे भाव बरा होता, पण राज्य ओलांडायचं म्हणून मी ते टाळलं. २०२३ च्या डिसेंबरपासून देशभर एकच ऑनलाइन ट्रान्झिट पास सुरू झालाय, पुढच्या वेळी तो वापरून बघणार आहे.

पैसे व्यापाऱ्याच्या आकड्यापेक्षा बरेच जास्त आले, खर्च वजा जाऊन सुद्धा. मुलीची पहिली दोन वर्षांची फी निघाली. म्हणून ज्यांना जमेल त्यांनी कागद स्वतः करा असंच मी सांगीन.

पण ज्यांना जमत नाही त्यांचं काय. वरच्या पाड्यावरचा माझा एक पावरा मित्र आहे, त्याच्या वडिलांच्या जमिनीत साग आणि मोह दोन्ही. त्यांना आमच्यापेक्षा वेगळा कायदा आहे, १९६९ चा, आदिवासी खातेदाराला झाडं परस्पर व्यापाऱ्याला विकता येत नाहीत, कलेक्टरकडून मंजुरी, वनखात्याकडून मूल्यांकन. तो कायदा चांगल्या हेतूने आला, कारण व्यापारी अक्षरशः पोतंभर धान्याच्या भावात साग उचलायचे. पण मित्र मला म्हणाला, दादा, फसवणूक थांबली पण विक्री पण थांबली. त्याच्या घरात आजारपण आलं तेव्हा त्याने झाडं सोडून बैल विकले. वनखात्याने आधी ठराविक रक्कम हातात देऊन बाकी लिलावानंतर दिली तर संरक्षण पण राहील आणि अडचणीला पैसा पण येईल, हे मला फार वाटतं.

बाकी गोष्टी आहेतच. केळीला हवामान आधारित फळपीक विमा आहे, सागाला काही नाही. मोहाच्या दिवसात, मार्च-एप्रिलमध्ये, फुलं वेचायला झाडाखालचा पाला पेटवतात, ती आग एकदा आमच्या बरडात शिरली, खालची रोपं गेली, भरपाई कुठल्याच खात्याकडे नाही. बँकेने कर्जाच्या वेळी जमीन धरली, वरची झाडं शून्य धरली.

आणि यामुळे गावात काय होतंय ते डोळ्याने बघतोय. बांधावर सागाचं, अंजनाचं रोप आपोआप उगवलं की लोक ते विळ्याने काढून टाकतात, कारण मोठं झालं तर ते 'वनखात्याचं' होणार असा समज. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विनापरवाना तोडीचा दंड एक हजारावरून ५० हजार करायचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतल्याची बातमी आली तेव्हा पारावर हीच चर्चा होती, लहान असतानाच काढून टाका. महाराष्ट्राचं वनाच्छादन साडेसोळा टक्के, राष्ट्रीय धोरण १९८८ पासून तेहतीस टक्के म्हणतंय, ती भर आता डोंगरावर पडणार नाही, ती आमच्या बरडावर आणि बांधावरच पडू शकते. आणि तिथेच रोप उपटलं जातंय.

उपाय अवघड नाही असं मला मनापासून वाटतं. नोंद तोडताना नको, लावताना करा. ई-पीक पाहणीत ज्या दिवशी रोप लावलं त्या दिवसाचा फोटो आणि जागा आली, दर दोन वर्षांनी परत फोटो, तर वीस वर्षांनी ते झाड जंगलातलं आहे का वावरातलं हा प्रश्नच उरत नाही, चोराला त्या पासवर माल घालायला जागा उरत नाही, आणि गार्डला त्याची बीट सोडून आमच्याकडे टेप घेऊन फिरावं लागत नाही. केंद्राने जून २०२५ मध्ये शेतजमिनीवरच्या वृक्षतोडीसाठी आदर्श नियम काढलेत, त्यात लागवडीची नोंदणी पोर्टलवर करायची हीच दिशा आहे, पण ते राज्यांनी स्वीकारायचे आहेत. बांबूचं उदाहरण समोर आहे. २०१७ मध्ये वनाबाहेरचा बांबू झाडाच्या व्याख्येतून काढला, त्यानंतर आमच्या भागात लोक बांबू स्वतःहून विचारायला लागले, जमीन तीच, माणसं तीच.

मी तोडलेल्या जागेत यावेळी तीन बाय तीनवर साग आणि मधे बांबू लावलाय, अंजनाच्या शेंगा वेचून त्याची पण रोपं केलीत, आणि प्रत्येक ओळीचा फोटो ॲपवर आणि एक छापील वहीत ठेवलाय. उरलेल्या अर्ध्या प्लॉटचा अर्ज पुढच्या हिवाळ्यात टाकायचाय. तेव्हा मोजणीची जुनी क प्रत चालते की नवीन मागतात हे आधी विचारून घेणार, आणि नानांच्या फेरफाराच्या नकला पण त्याच खेपेत काढून जळगावच्या वकिलाला दाखवणार आहे, त्यांच्या नोटिशीवर बजावल्याची सही आहे का नाही तेवढं एकदा बघायचंय.